खेळाडूंनी मैदानात निषेध करावा का?

प्रश्न: २०१६ ला अमेरिकन फुटबॉलपटू कॉलिन केपर्निक पोलिसांच्या वर्णद्वेषी अत्याचाराविरुद्ध राष्ट्रगीताला गुडघ्यावर बसला आणि त्या सीझननंतर एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या एकाही टीमने त्याला घेतलं नाही. एवढं सोसून काय मिळतं?

उत्तर १: लोकांना बघावं तरी लागतं ना! १९६८, मेक्सिको सिटी ऑलिम्पिक, टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस हे कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटू वर्णद्वेषाच्या निषेधात पोडियमवर, पायात बूट नाहीत नुसते काळे मोजे, ग्लोव्हजची एकच जोडी म्हणून एकाची उजवी मूठ वर, दुसऱ्याची डावी. दोघांनाही ऑलिम्पिकमधून हाकललं.

उत्तर २: पीटर नॉर्मनला विसरू नका रे, सिल्व्हरवाला गोरा ऑस्ट्रेलियन, त्यानेही या दोघांसारखाच मानवी हक्कांचा बॅज छातीवर लावलेला. २००६ ला तो गेला तेव्हा स्मिथ आणि कार्लोस दोघांनीही खांदा दिला.

उत्तर ३: आणि केपर्निकने सैनिकांचा अपमान केला म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, आधी तो राष्ट्रगीताला बाकावर बसून राहायचा, नेट बॉयर या माजी सैनिकाशी बोलल्यावरच गुडघ्यावर बसायला लागला.