आधी चेसिस नंबर, मग ग्राइंडर

बंद पडलेली जुनी डिझेल पिकअप पुन्हा चालू कशी करायची, या प्रश्नावर "जुनं इंजिन उतरवा, नव्या गाडीचं टाका, कटकट मिटेल" असं वर कुणीतरी लिहिलंय, ते पटलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते, आरसीत नोंदही करून घ्यावी लागते. शिवाय १९८८ ला आलेल्या टाटामोबाइल पिकअपच्या जमान्यातलं डिझेल इंजिन म्हणजे ना सेन्सर, ना ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर). कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, धड असेल तर डिझेलची टाकी साफ करून, इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप आणि नोझल असे पंप दुरुस्त करणाऱ्याकडून कॅलिब्रेट करून आणा, डिझेलच्या लाइनमधली हवा काढा. बहुतेक वेळा तेवढ्यावर गाडी चालू होते.

पण इतक्या चर्चेत चेसिस नंबरचं, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेल्या ओळख क्रमांकाचं, कुणीच बोललं नाही. गंज काढायला ग्राइंडर लावण्याआधी तो नंबर कुठे ठोकलाय ते शोधा. आमच्या अण्णांच्या पिकअपवर तो चिखल आणि जुन्या काळ्या कोटिंगच्या थराखाली गायब होता. रॉकेलचा बोळा फिरवला, पितळी ब्रशने हलकं घासलं, मग पातळ कागद धरून वर पेन्सिल आडवी फिरवली. आकडे उमटले, एकाचं पोट मात्र गंजाने खाल्लेलं. तिथे चकती टेकली असती तर उरलेलंही गेलं असतं, आणि पासिंगला आरटीओचा इन्स्पेक्टर याच नंबरचा ठसा घेतो. तेवढ्या पट्टीवर ग्रीस लावून टेप मारा. रेड ऑक्साइडचा प्रायमर नि पुट्टी तिथे अजिबात नको. पेंटरला हे दोनदा बजावा, त्यांना पुट्टी भरायची भारी हौस असते.