कोरल कॅल्शियमने खरंच हाडं भरतात का? आईने डॉक्टरांची गोळी बंद केलीय

साधीगोष्ट:
आई ७१ची. दोन वर्षांपूर्वी मनगट मोडलं, हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, निघाला, डॉक्टरांनी हाडांची झीज कमी करणारी, आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी दिली. घ्यायला कटकटीची आहे हे मान्य, सकाळी उठल्या उठल्या रिकाम्या पोटी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि मग अर्धा तास खायचं नाही, आडवं व्हायचं नाही. आई तो अर्धा तास खिडकीला टेकून घड्याळ बघत उभी राहायची.

तीन महिन्यांपूर्वी ओळखीतल्या कुणीतरी तिला कोरल कॅल्शियमची बाटली दिली आणि सोबत ती गोष्ट सांगितली, की जपानच्या ओकिनावा बेटावरची माणसं शंभरी गाठतात ती तिथल्या प्रवाळातल्या कॅल्शियममुळे. झालं. त्या दिवसापासून आठवड्याची गोळी बंद आणि ही सुरू. मला कळलं परवा, पाकीट भरलेलं दिसलं तेव्हा.

मी वाचलं तेवढ्यावरून माझं मत सांगतो, चुकत असेन तर सांगा. प्रवाळ म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, खडूत आणि चुनखडीत असतं तेच, शिवाय थोडं मॅग्नेशियम आणि बाकी खनिजं नावापुरती. अमेरिकेत २०००च्या सुमारास रॉबर्ट बेअरफूट आणि केविन ट्रूडो हे दोघं टीव्हीवर अर्ध्या अर्ध्या तासाच्या जाहिरातीत हे विकायचे, कॅन्सर बरा होतो, मल्टिपल स्क्लेरोसिस बरा होतो असं सांगून. जून २००३मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने (फसव्या जाहिरातींवर कारवाई करणारी सरकारी संस्था) त्यांच्यावर कोर्टात तक्रार केली, २००४मध्ये ट्रूडोने २० लाख डॉलर भरायचं कबूल केलं आणि असल्या जाहिराती करण्यावर त्याला बंदी आली. हे सगळं होऊन इतकी वर्षं झाली तरी तीच गोष्ट माझ्या आईपर्यंत पोचते आणि तिचं खरं औषध सुटतं, याचा मला फार राग येतोय.

खारावारा:
असहमत. ट्रूडो लबाड होता म्हणून वस्तू वाईट ठरत नाही. माझ्या मामीला साध्या कॅल्शियमच्या गोळीने बद्धकोष्ठ व्हायचं, पोट फुगायचं, चार वेळा सुरू करून चार वेळा सोडली. कोरलवाली दीड वर्ष घेतेय, काहीही त्रास नाही. त्यात मॅग्नेशियम असतं म्हणून असेल, मला माहीत नाही, पण जी गोळी माणूस रोज घेऊ शकतो ती न घेतलेल्या चांगल्या गोळीपेक्षा बरी ना? आणि ओकिनावाची माणसं खरंच जास्त जगतात, तिथल्या शंभरी ओलांडलेल्यांचा अभ्यास १९७५पासून चालू आहे, ती काही जाहिरातवाल्यांनी रचलेली गोष्ट नाही.

साधीगोष्ट:
शंभरीवाले खरे आहेत हो, त्यावर वाद नाही. पण तेच आकडे पुढे बघा. पुरुषांच्या आयुर्मानात ओकिनावा जपानच्या ४७ प्रांतांत १९९५मध्ये चौथ्या नंबरवर होता, २०००मध्ये थेट २६वर गेला, तिथे त्याला '२६चा धक्का' असंच म्हणतात. बेट तेच, प्रवाळ तेच, विहिरीचं पाणी तेच. बदललं काय तर तरुण पिढीचं खाणं आणि वजन. म्हातारी पिढी रताळी, भाज्या खाऊन आणि पोट थोडं रिकामं ठेवून मोठी झालेली. कोरलने आयुष्य वाढत असतं तर नंबर घसरला कसा?

औषधवाली:
मी फार्मासिस्ट आहे म्हणून थोडं रसायन सांगते. कोरल असो की खाणीतला चुना, पोटातल्या आम्लात गेला की कार्बोनेट फुटतं आणि सुटं कॅल्शियम तयार होतं. आतड्याला ते समुद्रातून आलं की डोंगरातून हे कळत नाही. 'शंभर टक्के शोषलं जातं' असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका, कुठलंच कॅल्शियम तसं शोषलं जात नाही, आणि एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर घेतलं तर शोषायचं प्रमाण कमी होत जातं.

आता लेबल. समोर मोठ्या अक्षरात १००० मिलिग्रॅम लिहिलेलं असलं तरी ते बऱ्याचदा अख्ख्या पावडरीचं वजन असतं. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटमध्येसुद्धा कॅल्शियम ४० टक्केच, म्हणजे हजारात ४००. मागच्या बाजूला 'एलिमेंटल कॅल्शियम' शोधा, तोच आकडा खरा. कोरलने रक्त अल्कलाइन (आम्लाच्या उलट) होतं वगैरे विकणारे जे सांगतात ते तर सोडूनच द्या, रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५मध्ये फुप्फुसं आणि किडन्या सांभाळतात, गोळी नाही. आणि प्रवाळ, शिंपले यांच्यापासून केलेल्या कॅल्शियममध्ये शिसं निघू शकतं, त्यामुळे तपासणी झालेली नसेल तर ती बाटली मी तरी कुणाला देणार नाही.

खारावारा, तुमच्या मामींचा त्रास खोटा नाही, कार्बोनेटने बद्धकोष्ठ होतंच. पण त्यावर कॅल्शियम सायट्रेट मिळतं, ते पोटाला सोपं, रिकाम्या पोटीही चालतं आणि अ‍ॅसिडिटीची गोळी रोज घेणाऱ्यांना तेच बरं, कारण आम्ल कमी असलं की कार्बोनेट नीट विरघळत नाही. मामी थायरॉइडची गोळी घेत असतील तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवायला सांगा, हे फार जण विसरतात.

दुसरीबाजू:
तुम्ही सगळे कुठलं कॅल्शियम यावर भांडताय, माझं म्हणणं कॅल्शियमची गोळीच कशाला? अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासात ३६,२८२ बायका होत्या, निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट व्हिटॅमिन डी, सरासरी सात वर्षं. २००६मध्ये निकाल आला तर खुब्याचे फ्रॅक्चर १२ टक्के कमी, तेही योगायोग म्हणता येईल इतपत, आणि मुतखडे १७ टक्के जास्त. मला स्वतःला दोनदा खडा झालाय, त्या रात्री फरशीवर गडाबडा लोळलोय, त्यामुळे तो १७ आकडा मला साधा वाटत नाही. २०१०मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी अनेक चाचण्या एकत्र करून हार्ट अटॅकचा धोका सुमारे ३० टक्के वाढतो असं मांडलं, त्यावर अजून वाद आहे हे मान्य. २०१८मध्ये अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने (आजार टाळण्याबद्दल सल्ला देणारा तज्ज्ञांचा गट) तर पाळी गेलेल्या, घरी राहणाऱ्या बायकांनी फ्रॅक्चर टाळायला म्हणून हा एवढा डोस घेऊ नये असंच सांगितलं. खाण्यातून घ्या, बास.

रानजाई:
दुसरीबाजू, तुम्ही अर्धंच सांगितलंत. २०१८चा तो सल्ला ज्यांना ऑस्टिओपोरोसिस आहे त्यांच्यासाठी नाहीच, धागाकर्त्याच्या आईला तो लागू होत नाही. २००६च्या त्याच अभ्यासात ज्या बायकांनी गोळ्या नियमित घेतल्या त्यांच्यात खुब्याचे फ्रॅक्चर २९ टक्के कमी होते. आणि त्याआधी १९९२मध्ये फ्रान्समधल्या वृद्धाश्रमांत ३,२७० बायकांवर चाचणी झाली, सरासरी वय ८४, रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट व्हिटॅमिन डी, दीड वर्षात खुब्याचे फ्रॅक्चर ४३ टक्के कमी! त्या बायकांना ऊन मिळत नव्हतं, खाणं कमी होतं, म्हणून फरक पडला. ज्याच्याकडे कमी आहे त्याला दिलं तर उपयोग, ज्याच्याकडे भरपूर आहे त्याला देऊन खडे. माझ्या आजीचा खुबा मोडला त्यानंतर ती परत चालली नाही, म्हणून 'गोळीच कशाला' हे वाक्य मला सहन होत नाही.

दुसरीबाजू:
नियमित घेणाऱ्या बायका मुळातच तब्येतीला जपणाऱ्या असतात, त्यामुळे तो २९चा आकडा मी धरत नाही. फ्रान्सचा मुद्दा मान्य, आणि धागाकर्त्याच्या आईबद्दलही तुम्ही बरोबर आहात. पण मग आधी किती कमी आहे ते मोजा, सरसकट सगळ्यांना कशाला.

खारावारा:
औषधवाली, लेबल बघितलं, तुम्ही म्हणता तसंच आहे, मागे बारीक अक्षरात निम्म्याहून कमी आकडा. थायरॉइड नाहीये तिला. शिशाच्या तपासणीबद्दल बाटलीवर एक शब्द नाही, हे मात्र मला खटकलं. तरीही दीड वर्ष तिचं पोट बरं आहे ते मी डोळ्यांनी बघतोय, त्यामुळे एकदम बंद कर असं मी तिला सांगणार नाही. सायट्रेटचं विचारेन.

साधीगोष्ट:
काल रात्री आईबरोबर बसलो. भाषण द्यायचं नाही असं ठरवलं होतं. एक कोरलची गोळी आणि एक साधी कार्बोनेटची, दोन्ही चुरून दोन वाट्यांत टाकल्या आणि वर व्हिनेगर ओतलं. दोन्हीकडे सारखेच बुडबुडे, सारखाच फेस, खाली सारखाच पांढरा गाळ. आई चष्मा लावून बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, "म्हणजे हे तेच आहे." मी म्हटलं हो.

मग तिने जे सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. ओकिनावाची गोष्ट तिला पटली होती असं नाही. आठवड्याची गोळी घेतली की दोन दोन दिवस छातीत मधोमध जळायचं, गिळताना दुखायचं, आणि डॉक्टरांना सांगितलं तर ते रागावतील म्हणून ती गप्प बसली. तेवढ्यात ही बाटली मिळाली, तर बंद करायला कारण मिळालं. इतके महिने ती त्रास काढत होती आणि मी इथे बेअरफूटवर चिडत बसलो होतो.

औषधवाली:
बरं झालं विचारलंत. अ‍ॅलेन्ड्रोनेटने अन्ननलिकेला इजा होऊ शकते, गिळताना दुखत होतं म्हणजे डॉक्टरांशी बोलेपर्यंत ती पुन्हा सुरू करू नका. दुसरे उपाय आहेत, झोलेड्रोनिक अ‍ॅसिड वर्षातून एकदा सलाइनमधून देतात, त्यात अन्ननलिकेचा प्रश्नच येत नाही. त्याआधी किडनी, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी तपासून घेतात, कारण हे कमी असताना ते औषध दिलं तर रक्तातलं कॅल्शियम खाली जाऊ शकतं. म्हणजे कॅल्शियम लागणारच आहे, फक्त औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीला. जळजळीचं आईंनाच सांगू द्या, कधी सुरू झालं आणि किती दिवस राहायचं ते त्यांनाच नीट आठवत असेल.

साधीगोष्ट:
गुरुवारची वेळ घेतलीय. तिने स्वतःच कागदावर तारखा लिहून काढल्यात, आणि कोरलची बाटलीही बरोबर घेऊ म्हणाली, डॉक्टरांना दाखवायला.