मराठीत एक रील, कन्नडात दुसरी: उमेदवाराचं खरं बोलणं कुठलं धरायचं?

येळ्ळूरकर
काल आपल्या बेळगावच्या ग्रुपवर पोस्ट फिरली, "महाराष्ट्र एकीकरण समितीवाल्यांनी कोपरा सभा आणि पदयात्रा बंद करून तो पैसा रील्सवर घालावा, आता इलेक्शन मोबाईलवरच जिंकतात." खाली सगळ्यांचे अंगठे. मला राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

२०२३ च्या कर्नाटक विधानसभेला एका उमेदवाराची मराठी रील माझ्याकडं आली. मागं भगवा, पोवाड्याचं म्युझिक, "सीमाभागातला मराठी माणूस माझा भाऊ आहे" वगैरे. त्याच आठवड्यात शेजारी बसलेल्या कन्नड मित्राच्या मोबाईलवर तोच माणूस, तोच शर्ट, आणि बोलतोय काय तर सीमाप्रश्न कधीच संपलाय, एक इंच जमीन जाणार नाही. मला दोन्ही भाषा येतात आणि तो मित्र नेमका शेजारी होता म्हणून कळलं, नाहीतर मीही भाऊ भाऊ करत बसलो असतो. संभाजी चौकात उभं राहून हे करता आलं नसतं, तिथं मराठी, कन्नड, मुसलमान, पोलीस, पेपरवाले सगळे एकाच वेळी ऐकत असतात.

बेळगावजवळच्या राजहंसगड किल्ल्याचं आठवा. मार्च २०२३, महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण दोनदा झालं, आधी भाजपच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते आणि दोन-तीन दिवसांत परत काँग्रेसवाल्यांकडून. ड्रोनचे शॉट बघून डोळे दुखले. माझ्यापर्यंत आलेल्या एकाही व्हिडिओत मराठीतनं सरकारी कागदपत्रं देण्याबद्दल शब्द नव्हता. महाराज फक्त फोटोपुरते, याचा मला मनापासून राग येतो.

टिळकवाडी_बॉय
ती पोस्ट माझीच होती, आणि मी मागं घेणार नाही. २०२१ ची बेळगाव लोकसभा पोटनिवडणूक विसरलात का? चॅनेलवाले समितीकडं ढुंकून बघत नव्हते, खिशात पैसा नाही, तरी आपल्या तरुण उमेदवाराला १ लाख १७ हजार मतं पडली आणि भाजपची सीट जेमतेम पाच हजारांनी निघाली. ते कशावर झालं? आम्ही पोरांनी रात्रभर लाईव्ह आणि स्टेटस चालवले त्यावर. मोठ्या पक्षांकडं बॅनरला पैसा आहे, आमच्याकडं मोबाईल आहे, तोही ठेवून द्यायचा काय?

खानापूरचे_काका
आणि मग पुढं? २०२३ ला समितीचा एक तरी आमदार आला काय? २०१८ लाही शून्य. २०१३ ला दोन होते, तेव्हा कुणाच्या हातात रील नव्हती. मतं फुटली कारण माणसं फुटली. २०१८ ला आमच्या खानापुरात समितीचेच दोन गट एकमेकांसमोर उभे राहिले, गावोगावच्या पंचांना कळेना कुणासाठी बसायचं. माझ्या घरात दोघे भाऊ दोन गटात, गणपतीला एकत्र जेवायला बसेनात. त्यावर व्हिडिओ काढून काय होणार होतं?

टिळकवाडी_बॉय
काका, फूट तुमच्या पिढीनं पाडली आणि बोल आमच्या मोबाईलला लावता. बैठकीत तरुणांना माईक तरी देता काय?

खानापूरचे_काका
माईक मागून मिळत नसतो. १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापना दिवशी, निषेधाच्या फेरीत काळे कपडे घालून आम्ही लाठ्या खाल्ल्यात, तू काळा डीपी ठेवून घरात. जास्त बोलू नकोस.

टिळकवाडी_बॉय
मी फेरीत असतो दरवर्षी, फोटो आहेत माझ्याकडं. आणि लाठ्या खाल्ल्या म्हणून दोन गट करायचा हक्क मिळतो असं नाही. महाराष्ट्रानं सीमाप्रश्नावर २००४ ला सुप्रीम कोर्टात दावा घातला, तो अजून चालूय, आणि इकडं तुमचे गट आपसात तारखा मोजत बसलेत.

शहापूरची_अक्का
दोघे शांत व्हा बघू. मूळ विषय बाजूला राहिला.

आमच्या गल्लीत काय झालं सांगते. प्रचारात एका उमेदवाराची शूटिंगवाली पोरं आली. नळाला पाणी आणून दिलं असं दाखवायचं होतं. त्या दिवशी पाणी यायचं नव्हतंच, तर मागच्या टाकीतनं पाइप लावून नळ सोडला. शेजारच्या काकूंना नऊवारी नेसून यायला सांगितलं, रोजच्या गाऊनवर चालत नाही म्हणे. घागर भरली, परत ओतली, परत भरली, कारण हसू नीट येत नव्हतं. शेवटी त्या वैतागून हसल्या, तोच शॉट घेतला. रील तुफान चालली, बाहेरगावच्या नातेवाइकांचे फोन आले काकूंना. पाणी अजून आठ-आठ दिवसांनी येतं. आता कुणाकडं तक्रार केली की आम्हालाच म्हणतात, अहो तुमच्याच गल्लीच्या व्हिडिओत पाणी आहे की!

खडेबाजार_स्टुडिओ
हे काम आमचंच, म्हणून बोलतो. अक्का म्हणतात तसंच चालतं. रॉ फुटेज एकच असतं, कट दोन. मराठी कटला भगवा फ्रेममध्ये ठेवायचा, कन्नड कटला लाल-पिवळा झेंडा. गर्दी कमी असली की कॅमेरा खाली बसवून समोरनं घ्यायचा. मग फेसबुकवर पैसे भरून गाव, वय बघून सोडायचं. पण एक सांगा, गिऱ्हाईक सांगेल तसं आम्ही कापतो, सीझनला चार पैसे मिळतात, वर्षभर लग्नं आणि बारशीच आहेत. आणि येळ्ळूरकर, सभेत सगळं खरं बोलतात हे काय मला पटत नाही. कन्नड बैलहोंगलला एक आणि मराठी उचगावला एक, ही भाषणं माझ्या लहानपणीही वेगवेगळीच होती.

येळ्ळूरकर
होती, ते मान्य करावं लागेल. पण उचगावचा माणूस लग्नाला बैलहोंगलला गेला तर ऐकून येऊन सांगायचा. आता ज्याच्यासाठी केलंय त्याच्याच मोबाईलवर येतं आणि इलेक्शन झालं की डिलीट.

वकील_निपाणी
डिलीट केलं तरी सगळंच जात नाही. २०१३ पासून निवडणूक आयोगाचा आदेश आहे, अर्जासोबतच्या शपथपत्रात उमेदवारानं आपली सोशल मीडियाची अकाउंट द्यायची, पैसे भरून टाकायच्या जाहिरातीला आधी जिल्ह्याच्या मीडिया कमिटीची मंजुरी घ्यायची आणि तो खर्च हिशोबात दाखवायचा. आपल्याकडं विधानसभेला मर्यादा ४० लाख. फेसबुकची अॅड लायब्ररी उघडली की राजकीय जाहिरात कुणी दिली आणि साधारण किती घातले ते दिसतं. भोक दुसरीकडं आहे. मीम पेजवाल्याला रोख पैसे दिले आणि त्यानं "आपला माणूस" म्हणून रील टाकली तर ती जाहिरात धरायची कशी? शेवटच्या ४८ तासांत जाहीर प्रचार बंद होतो, भोंगे थांबतात, पण स्टेटस आणि फॉरवर्ड पहाटेपर्यंत चालूच.

टिळकवाडी_बॉय
बरं, पेजवाल्यांचं खरं आहे, आमच्याच ओळखीतल्या एकानं दोन पक्षांकडनं घेतले. तरी मी म्हणतो मोबाईल सोडायचा नाही. ते खोटं बोलतात म्हणून आम्ही गप्प बसायचं काय?

येळ्ळूरकर
गप्प बस कोण म्हणालं? सभा बंद करू नका एवढंच म्हणतोय. आणि एक काम करा. तालुका-जिल्हा पंचायतीच्या निवडणुका २०२१ पासून रखडल्यात, लागल्या की प्रत्येकानं आपल्या कन्नड दोस्ताकडनं त्याच्याकडं आलेले व्हिडिओ घ्या. आपले आणि त्यांचे एकाखाली एक लावू, मारुतीच्या देवळासमोर पडद्यावर. उमेदवारालाही बोलवू, समोर बसून बघू दे.

खानापूरचे_काका
मंडळाचा प्रोजेक्टर मी मिळवून देतो. पण समितीच्या दोन्ही गटांच्या क्लिपाही लावायच्या, आपला म्हणून कुणाला सोडायचं नाही.

टिळकवाडी_बॉय
लावू की. त्या दिवशी माईक कुणाकडं ते आत्ताच ठरवा.

खानापूरचे_काका
अक्कांकडं. तुझ्याकडं नाही.