प्रीस्टचं हीलिंग जपायचं की मारायला वापरायचं? (हार्थस्टोन)

निवांत_प्रीस्ट

हार्थस्टोन हा डिजिटल पत्त्यांचा खेळ २०१४ साली आला तेव्हापासून त्यातला प्रीस्ट हा क्लास म्हणजे बरं करणारा, असंच सगळे धरून चालतात. त्याची हीरो पॉवर (क्लासची कायमची ताकद) हीही तशीच आहे. २ माना (कार्ड किंवा पॉवर वापरायला लागणारी ऊर्जा) द्या, २ हेल्थ भरून घ्या. मीही बराच काळ तसाच खेळलो. मार खाल्ला की मलमपट्टी, परत मार, परत मलमपट्टी. हेल्थ तिसाच्या आसपास टिकायची आणि गेम मात्र हातातून जायचा. आता माझं मत पक्कं झालंय की प्रीस्टचं हीलिंग हे हत्यार आहे, आणि ते हत्यारासारखंच वापरायला हवं.

ऑकनाय सोलप्रीस्ट ही मिनियन घ्या, म्हणजे बोर्डवर उभं राहून लढणारं कार्ड. ४ माना, ३/५ (हल्ला ३, हेल्थ ५). ती बोर्डवर असेपर्यंत तुमचं प्रत्येक हीलिंग तेवढाच डॅमेज देतं. आता सर्कल ऑफ हीलिंग: शून्य माना, सगळ्या मिनियन्सना ४ हेल्थ. दोन्ही एकत्र टाका. चौथ्या टर्नला सगळ्यांना ४ डॅमेज, समोरचा बोर्ड साफ आणि ऑकनाय १ हेल्थवर उभी.

झॉम्बी चाउ तर त्याहून सुंदर. १ मानाला २/३ मिळतं, पण मरताना तो समोरच्या हीरोला ५ हेल्थ देऊन जातो. ऑकनाय जिवंत असली की तोच तोटा समोरच्याला ५ डॅमेज देतो.

नॉर्थशायर क्लेरिकबद्दल तर फार कमी लोक बोलतात. कुठलाही मिनियन बरा झाला की ती तुम्हाला एक कार्ड देते. *कुठलाही*, म्हणजे समोरचाही. त्याचा जखमी मिनियन मारता येत नसेल तर मी सरळ त्याच्यावरच हीरो पॉवर वापरतो आणि कार्ड उचलतो.

तुम्ही काय करता?

मीठभाकर

अजिबात पटलं नाही.

हा खेळ दोन कार्डं एकाच वेळी हातात आल्यावरच चालतो. ऑकनायशिवाय सर्कल हातात आलं तर ती अडगळ. सर्कलशिवाय ऑकनाय आली तर ती तुमचंच हीलिंग बंद करते. तुम्हाला खरंच जीव वाचवायचा असेल तेव्हा काय करणार?

हे मी भोगलंय. हेल्थ ७, समोर आक्रमक डेक, बोर्डवर माझीच ऑकनाय. टायमरची वात पेटलेली. हातात अँटिक हीलबॉट होता, तो टाकला की आपल्या हीरोला ८ हेल्थ मिळते. हजार वेळा टाकलेलं कार्ड, हात आपोआप तिकडे गेला. ८ हेल्थ मिळायच्या जागी ८ डॅमेज बसला आणि गेम तिथेच संपला. त्याच रात्री ऑकनाय डेकमधून काढली.

हीलिंगचं काम वेळ मिळवून देणं. रेनो जॅक्सन बघा. डेकमध्ये एकही कार्ड दुबार नसेल तर ६ मानाला हेल्थ थेट पूर्ण, ३ वरून ३०. समोरच्याने पाच टर्न घाम गाळून केलेलं काम एका कार्डात पुसलं जातं. याला मी हीलिंग म्हणतो.

पायरो_प्रेमी

@मीठभाकर, सर्कलला अडगळ म्हणू नका हो. इंजर्ड ब्लेडमास्टर ३ मानाला ४/७ आहे, पण येताना स्वतःला ४ डॅमेज करून घेतो. लगेच सर्कल टाकलं की तिसऱ्या टर्नला पूर्ण ४/७ उभा.

शिवाय वाइल्ड पायरोमॅन्सर आणि क्लेरिक. बोर्डवर दोघं असताना आधी पॉवर वर्ड: शील्ड हे स्पेल टाका, स्पेल पडलं की पायरो सगळ्या मिनियन्सना १ डॅमेज देतो. मग सर्कल. जितके मिनियन्स बरे होतील तितकी कार्डं हातात. फक्त हातातली कार्डं मोजा. दहा झाली की पुढचं जळतं, माझी दोन महत्त्वाची अशीच जळलीत.

तिसरी_घंटा

मी वॉरियर खेळते, म्हणजे नेहमी टेबलच्या दुसऱ्या बाजूला. प्रीस्ट दिसला की चौथ्या टर्नच्या आधी मी बोर्ड भरतच नाही. दोन मिनियन्स, बस. मग स्लज बेल्चर टाकते. त्याची हेल्थ ५, तुमच्या चारच्या डॅमेजनंतरही उभा राहतो. सगळ्यांना ठाऊक असलेल्या युक्तीत युक्ती ती काय उरली?

निवांत_प्रीस्ट

@तिसरी_घंटा, सहाव्या टर्नची वाट बघायची. ऑकनाय, सर्कल, आणि उरलेल्या २ मानात हीरो पॉवर बेल्चरवर. तीही ऑकनायमुळे २ डॅमेज देते. बेल्चर गेला. मागे १/२ चा स्लाइम राहतो हे मान्य. आणि तुम्ही भीतीपोटी दोनच मिनियन्स टाकता, तो वेळ मला फुकट मिळाला की. सर्कल माझ्या हातात नसलं तरी मिळतो.

@मीठभाकर, तुमच्या हीलबॉटचं वाचून वाईट वाटलं. पण २०२० मध्ये ऑकनाय आणि क्लेरिक दोघींना हॉल ऑफ फेममध्ये टाकून स्टँडर्डमधून (ठराविक संचांचीच कार्डं चालतात त्या प्रकारातून) बाहेर काढलं, तेव्हा मला या क्लासचा कणाच काढल्यासारखं झालं. मी अजून त्यांच्यासाठीच वाइल्ड खेळतो, तिथे जुनी कार्डंही चालतात.

परवाचाच गेम सांगतो. समोरही प्रीस्ट. त्याने डेकमधलं शेवटचं कार्ड उचललं, त्याची हेल्थ १४, आणि क्लेरिक बोर्डवर. माझ्याकडे मारण्यासारखं काहीच नाही. पण बोर्डवर पाच जखमी मिनियन्स होते, तीन त्याचे, दोन माझे. मी साधं सर्कल टाकलं, ऑकनायशिवाय. पाचही बरे झाले. त्याच्या क्लेरिकने त्याला पाच वेळा कार्ड उचलायला लावलं, नको म्हणायची सोय नसते. रिकाम्या डेकातून उचललं की हीरोला फटीगचा डॅमेज बसतो, दर वेळी एकाने जास्त: १, २, ३, ४, ५. एकूण १५. त्याचे मिनियन्स ठणठणीत उभे आणि हीरो गेला.

मीठभाकर

हे मस्त होतं, मनापासून सांगतो. पण चूक त्याची आहे. डेक संपत आला होता तेव्हाच त्याने क्लेरिक ट्रेडमध्ये, म्हणजे समोरच्या मिनियनशी भिडवून, देऊन टाकायला हवी होती. आणि एक खरं सांगा, ते सर्कल तुमच्या हातात किती टर्न पडून होतं?

निवांत_प्रीस्ट

सुरुवातीच्या हातातच आलं होतं. म्हणजे अख्खा गेम.

मीठभाकर

मग त्या जागी फ्लॅश हील (थेट बरं करणारं साधं स्पेल) असतं तर गेम इतका लांबला असता का? मी अजून माझ्याच बाजूला आहे.