मदत हवी आहे : ज्वारीचं माल्ट कोणी करून पाहिलंय का?

राम राम मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी. घरात पाच पोती ज्वारी पडून आहे, भावात काही दम नाही. म्हणून तिचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, करायचा विचार आहे; बिअर त्यापासूनच बनते. दक्षिण आफ्रिकेत उमकोम्बोथी नावाची बिअर मका अन् ज्वारीच्या माल्टचीच करतात. जर्मनीतल्या बव्हेरियात मात्र १५१६ च्या बिअरच्या नियमात फक्त बार्ली, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी. बिअर आंबवणाऱ्या यीस्टचं नावही नाही! बेल्जियममध्ये काही बिअरमध्ये धणे अन् संत्र्याची साल घालतात. आपल्याकडे तीच साल उकिरड्यावर जाते, जीव तुटतो.

मला बिअर करायची नाही, परवान्याशिवाय तर नाहीच. माल्ट करून ब्रुअरीला, म्हणजे बिअरच्या कारखान्याला, विकायचं आहे. पायलीभर ज्वारी रात्रभर भिजवून ओल्या गोणपाटात बांधली. तिसऱ्या दिवशी पेराएवढे मोड आले, पण तळाशी पांढरी बुरशी अन् आंबूस वास. सगळी फेकली. मोडात सायनाइड तयार होतं, म्हणून वाळवून ते चोळून काढायचे, हे माहीत आहे. बुरशी कशी थांबवू? भिजवताना पाणी किती वेळा बदलता? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा. आपल्या कायद्यात ज्वारीची बिअर ‘बिअर’ म्हणून विकता येते का, तेही कळवा. रविवारी दुसरी खेप भिजवतोय.