चौघांसाठी आणि एकट्यासाठी बोटीला एकच पंखा चालेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही वडोदऱ्याचे. बोट चांदोदला नर्मदेत चालवतो. १४ फुटी फायबर बोट, ९.९ एचपी फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन), तीन पात्यांचा ॲल्युमिनियमचा पंखा, पिच (एका फेरीत पंखा सिद्धांतानुसार पुढे सरकतो ते अंतर) ९ इंच. मॅन्युअलप्रमाणे पूर्ण थ्रॉटलला ५००० ते ६००० आरपीएम हवेत. चौघे बसलो की ४५०० वरच अडकतं, बोट नाक वर करून पाणी ढकलत राहते. एकटा असलो तर ५७००.

प्लग बदलले, तळ घासला, ट्रिमही (इंजिनाचा कल) बदलून पाहिला. पाती वाकलेली नाहीत. पिच इंचभर कमी केला की साधारण २०० आरपीएम वाढतात. म्हणजे ८ ने चौघांचं भागत नाही, ७ ने एकट्याला इंजिन ६००० ओलांडणार. वेग कमी झाला तरी चालेल. आईवडील बरोबर असतात, प्रवाहाविरुद्ध जोर महत्त्वाचा.

७ घेऊन एकट्याने थ्रॉटल आवरावा, की चार पात्यांचा ८ बरा?