संकटाच्या मधल्या काळात विश्वासाचं काय झालं? तुमचे अनुभव लिहा

चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभं राहिलं की आपण बहुतेक वेळा शेवट सांगतो. आजार बरा झाला, काम मिळालं, प्रभूची स्तुती असो. मधला काळ दोन वाक्यांत उरकतो. इथे तोच मधला काळ लिहा. प्रार्थना कशी बदलली, बायबलमधलं कोणतं वचन धरून ठेवलंत, काय सुटून गेलं? विश्वासाच्या परीक्षेतून धीर उत्पन्न होतो, असं बायबलमधल्या आपल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात याकोब लिहितो. तो धीर रोजच्या जगण्यात कसा येतो, हे मला तुमच्याकडून ऐकायचंय. संकट अजून संपलं नसेल तरी लिहा.

*

माझे यजमान अंथरुणाला खिळले तेव्हा भेटायला पुष्कळ जण आले. ‘देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा घेतो’ हे इतक्यांदा ऐकलं की दारावरची बेल वाजली तरी पोटात गोळा यायचा. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एक वयस्कर बाई मात्र आल्या की खुर्ची ओढून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसायच्या. जाताना छोटीशी प्रार्थना, बस्स. त्यांच्यामुळे मी बायबलमधलं इयोबाचं पुस्तक, सगळं गमावलेल्या नीतिमान माणसाची गोष्ट, सलग वाचायला घेतलं. त्याचे मित्रही आधी सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. तोंड उघडलं आणि बिघडलं. 42व्या अध्यायात देवाचा राग त्या मित्रांवर आहे. देवाला जाब विचारणारा इयोब मात्र देवाविषयी यथार्थ बोलला, असं देव स्वतः म्हणतो.

त्या रात्री औषधाची वेळ झाली म्हणून उठले आणि स्वयंपाकघरात उभी राहून देवाशी मोठ्याने भांडले. तोवरची माझी प्रार्थना म्हणजे ठरलेले शब्द होते, उपासनेत शोभतील असे. आता जे मनात असतं तेच बोलते. यजमान गेले, पण ही सवय गेली नाही, आणि देव त्या वेळेपेक्षा आज मला जास्त जवळचा वाटतो.

*

पाठीचं दुखणं जुनं आहे. बरं होण्यासाठी प्रार्थना केली, पाळकांनी डोक्यावर हात ठेवून केली, उपवासही केले. दुखणं आहे तिथेच आहे. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारी व्यथा, निघावी म्हणून प्रभूला तीनदा विनंती केली आणि उत्तर मिळालं, ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या 12व्या अध्यायातलं हे वचन लहानपणापासून पाठ होतं. त्याचा आधार मात्र आता सकाळी पलंगाची कड धरून उठताना कळतो. मी संबंध दिवसाची शक्ती मागत नाही, उभं राहण्यापुरती मागतो. ती मिळते. आधी मला माणसांची कणव कमी होती. आता जिन्यात हळू चालणाऱ्याच्या मागे उभं राहायला त्रास होत नाही.

*

नोकरी गेली. बायबलमधला संदेष्टा हबक्कूक म्हणतो की अंजिराचं झाड फुललं नाही, गोठ्यात गुरं उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. मला अजून ते म्हणवत नाही. रविवारी जाऊन बसतो, गाणारे गातात, मी ऐकतो.

*

वरचे अनुभव मनापासून वाचले, पण माझं वेगळं आहे. आमचं मूल गेलं. त्यातून माझी वाढ झाली असं मी म्हणणार नाही, आणि कुणी तसं म्हटलं तर सहन होत नाही. प्रार्थना जवळजवळ थांबली आहे. तरी इथे लिहितेय, कारण अजून देवाला सोडलेलं नाही.

*

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार मोलाचं आहे. स्तोत्रसंहितेतलं 88वं स्तोत्र अंधारातच संपतं. शेवटी आशेची एक ओळ नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि अख्खं देवालाच उद्देशून आहे. संकटाने प्रत्येकाचा विश्वास लगेच वाढतो, असं कुणीही तुमच्यावर लादू नये. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने हा प्याला, म्हणजे समोरचं दुःख, टळो अशी विनवणी केली, आणि सोबतीला नेलेले शिष्य झोपी गेले. कसोटीत एकटं पडणं त्यालाही ठाऊक आहे.

प्रार्थना होत नसेल तर ती आम्हाला करू द्या. आपण कशासाठी प्रार्थना करावी हे कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांपलीकडच्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो, असं रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायात आहे. झोप, भूक उडाली असेल तर डॉक्टरांकडेही जरूर जा. त्यात विश्वासाची कमतरता नाही. आणि कधी वाचावंसं वाटलं तर 13वं स्तोत्र घ्या. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत दावीद चार वेळा देवाला विचारतो, कुठवर? तेवढी दोनच वाचून मिटलंत तरी चालेल.